धरायचं कुणाला, सोडायचं कुणाला

होडीला ब्रेक नसतो. गाडीची चाकं रस्ता धरून ठेवतात, पाण्यात धरायला काही नसतं. म्हणून मांडव्याहून आलेली लाँच गेटवेच्या धक्क्याला लागते ते नीट बघावं. शेवटच्या काही हातांपर्यंत ती पुढेच येत असते. मग मागचं पाणी फेसाळतं, उलटं नाळेकडे धावायला लागतं, आणि एवढ्या मोठ्या धुडाचा वेग बघता बघता मरतो. पाण्याखालचा पंखा उलटा फिरायला लागलेला असतो. इंजिन मात्र मांडव्यापासून ज्या दिशेनं फिरत आलं त्याच दिशेनं अजून फिरतंय. इंजिनाकडून येणारा शाफ्ट सुलटा, पंख्याकडे जाणारा उलटा, आणि मधल्या लोखंडी पेटीतलं एकही दातेरी चाक आपल्या जोडीदारापासून सुटलेलं नाही की दुसऱ्याला जाऊन भिडलेलं नाही.

यंत्रांच्या दुनियेत जी मोजकी कोडी मला खरोखर सुंदर वाटतात, त्यांत या पेटीचा नंबर फार वरचा आहे. ती जुनी असेल तर अधिकच, कारण जुन्या पेटीचं दुखणं बाहेरून वाचता येतं, आणि ते दुरुस्त करायची जागाही तिच्या कारागिरांनी तिच्यातच करून ठेवलेली असते.

वाफेच्या काळात या पेटीची गरजच नव्हती. सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ती वेळ बदलली की तेच इंजिन उलटं फिरायचं. डिझेल आलं आणि अडचण झाली. आल्फ्रेड नोबेलच्या भावांनी रशियात उभ्या केलेल्या तेल कंपनीनं १९०३ साली ‘वंडाल’ नावाचं तेलवाहू जहाज पाण्यात सोडलं. त्यात १२० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिनं होती, पण त्यांना उलटं फिरता येत नव्हतं. उपाय काय, तर इंजिनांनी जनित्रं फिरवायची, जनित्रांच्या विजेवर मोटरी चालवायच्या आणि मोटरींनी पंखे. केवळ मागं जाता यावं म्हणून जहाजात एक वीजघरच बसवलं! पुढं स्वतःच उलटी फिरणारी डिझेल इंजिनं निघाली. आमुंडसेन १९१० साली ज्या ‘फ्राम’मधून दक्षिण ध्रुवाकडे निघाला, तिच्यात तसं १८० अश्वशक्तीचं इंजिन होतं. आजही न्हावाशेव्याला येणाऱ्या बहुतेक प्रचंड कंटेनर जहाजांना रिव्हर्सचा गिअरबॉक्स नसतो. त्यांचं इंजिन पूर्ण थांबवतात आणि दाबून भरलेल्या हवेच्या झोतानं उलट्या दिशेनं पुन्हा सुरू करतात. प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते. म्हणून अशा जहाजांसाठी नियमच आहे, की टाक्या पुन्हा न भरता आळीपाळीनं सुलट-उलट अशी निदान १२ वेळा इंजिन सुरू करता आलं पाहिजे.

छोट्या होडीला हा थाट परवडत नाही. तिचं इंजिन एकाच दिशेनं फिरणार आणि उरलेलं सगळं पेटीनं निभावायचं. ते ती कसं निभावते हे समजून घ्यायला मी एकच इंजिन निवडतो, अॅटॉमिक फोर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचं गाव आहे. तिथल्या युनिव्हर्सल मोटर कंपनीनं १९४७ साली हे चार सिलिंडरचं, साधारण एक लिटरचं, ३० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन काढलं. १९८५पर्यंत ते बनत राहिलं आणि सुमारे ४०,००० नग निघाले. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ज्या शिडाच्या होड्या घराघरांतून विकत घेतल्या गेल्या, त्यांपैकी कितीतरी होड्यांच्या पोटात हेच इंजिन होतं, आणि त्यांतली पुष्कळ इंजिनं आजही चालतात. गिअर इंजिनाच्या पाठीला जोडलेला असतो आणि इंजिनाच्याच तेलात भिजतो.

त्याचं वरचं झाकण काढलं की पहिल्यांदा दिसतो तो एक जाड ड्रम. समोरून इंजिनाचा शाफ्ट ड्रममध्ये शिरतो, त्याच्या टोकाला एक दातेरी चाक. मागून पंख्याचा शाफ्ट शिरतो, त्यालाही एक दातेरी चाक. ही दोन चाकं एकमेकांना कधीच शिवत नाहीत. त्यांच्या मध्ये ड्रमच्याच अंगात रोवलेल्या पिनांवर लहान चाकांच्या जोड्या असतात, जोडीतलं एक आखूड, एक लांब. इंजिनाचं चाक आखूड चाकाला भिडतं, आखूड चाक लांब चाकाला आणि लांब चाक पंख्याच्या चाकाला. सगळे दात कायम एकमेकांत गुंतलेले. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मधल्या चाकाभोवती चाकं फिरवायची कल्पना जुनीच आहे. जेम्स वॉटनं १७८१ साली आपल्या वाफेच्या इंजिनासाठी तिचं पेटंट घेतलं होतं, आणि १९०८मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही असाच ड्रम-पट्ट्यांचा खेळ होता.

आता गंमत बघा. या ड्रमभोवती एक पट्टा आहे. तो आवळला की ड्रम जागच्या जागी थांबतो. ड्रम थांबला म्हणजे लहान चाकांच्या पिना थांबल्या. ती चाकं आता फक्त स्वतःभोवती फिरू शकतात. इंजिन सुलटं फिरतंय, म्हणून आखूड चाक उलटं, लांब चाक सुलटं आणि पंख्याचं चाक उलटं. दात तीनदा भिडले, दिशा तीनदा पालटली. तीन ही विषम संख्या, एवढ्यावर होडी मागं येते.

पुढं जाण्यासाठी पट्टा सोडायचा आणि ड्रम शाफ्टलाच जखडून टाकायचा. त्यासाठी ड्रमच्या मागच्या अंगाला क्लचच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या दाबल्या गेल्या की शाफ्ट, ड्रम, लहान चाकं आणि पंख्याचं चाक असा सगळा गोळा एकसंध फिरायला लागतो. इंजिनाचा एक फेरा, पंख्याचा एक फेरा. आणि ज्या गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं ती इथे आहे: होडी पुढं जात असताना या गिअरबॉक्समधला एकही गिअर काम करत नाही. दात दातांत अडकून नुसते बरोबर फिरत असतात, एकमेकांवर घासत नाहीत. दिवसभर समुद्रात धावून आलेल्या होडीच्या गिअरचे दात खऱ्या अर्थानं झिजलेले असतात ते फक्त धक्क्याला लागण्याच्या त्या मिनिट-दोन मिनिटांत, आणि न्यूट्रलवर रेंगाळताना.

न्यूट्रल म्हणजे कुणालाच न धरणं. पट्टा सैल, चकत्या सैल. पंख्याला पाण्याचा अडसर असतो, ड्रमला कसलाच नसतो, म्हणून फिरायचं काम ड्रम आपल्याकडे घेतो आणि इंजिनापेक्षा कमी वेगानं मोकळा फिरत राहतो. पंखा जागेवर. थंडीत तेल घट्ट असेल तर न्यूट्रलमध्येही शाफ्ट हळूहळू पुढच्या दिशेनं वळताना दिसतो. तो बिघाड नव्हे, चकत्यांमधल्या तेलाचा तो ओढा आहे.

म्हणजे या पेटीत गिअर बदलत असा कधी नाहीच. कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं एवढाच तिच्यापुढचा प्रश्न. तिची जवळजवळ सगळी दुखणी धरण्या-सोडण्याची असतात, आणि एकदा हे ध्यानात आलं की झाकण उघडायच्या आधीच निम्मं निदान होतं.

आवाजाचंच घ्या. न्यूट्रलमध्ये आणि रिव्हर्समध्ये दात खडखडतात, पण लिव्हर पुढं टाकला की गप्प होतात. याचा अर्थ लहान चाकं किंवा त्यांच्या पिना झिजल्या आहेत, कारण पुढं जाताना ती फिरतच नाहीत. उलट, पुढं जातानाच घरघर येत असेल तर बिचाऱ्या चाकांना दोष देऊन उपयोग नाही. शोध घ्यायचा तो मागच्या बियरिंगचा, कपलिंगचा, शाफ्ट सरळ आहे की नाही याचा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: कमी वेगात होडी छान चालते, पण थ्रॉटल वाढवला की इंजिन ओरडतं आणि होडी मात्र पळत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, क्लच अर्धा चालतो म्हणजे अर्धा चांगला आहे, मग वेगात काय होतं? उत्तर पाण्यात आहे. पंखा फिरवायला लागणारा पीळ फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. मिनिटाला १,००० फेऱ्यांना जेवढा पीळ लागतो त्याच्या चौपट २,०००ला लागतो आणि सव्वासहा पट २,५००ला. किंचित सैल झालेला क्लच १,०००ला आरामात धरतो, १,५००लाही धरतो, आणि कुठल्यातरी एका आकड्याला त्याची पकड हरते. तो आकडा महिन्यामहिन्याला खाली येत असेल तर चकत्या झिजत चालल्या आहेत हे समजावं. घसरणारा क्लच तापतो, तापलेला अधिक घसरतो, म्हणून ही तक्रार पुढच्या मोसमावर ढकलायची नसते.

पण पंख्यावर कवचधारी जीव चढले असले तरी होडी अशीच रखडते. मग क्लच घसरतोय की पंखा निकामी झालाय हे ठरवायचं कसं? या इंजिनांत बहुधा पंख्याचा शाफ्ट इंजिनाच्याच गतीनं फिरतो, मध्ये वेग कमी करणारी जोडी नसते. याचा फायदा घ्यायचा. शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवायची आणि प्रकाशावर चालणाऱ्या टॅकोमीटरनं त्याचे फेरे मोजायचे. इंजिन २,००० दाखवतंय आणि शाफ्ट १,७००, तर मधले ३०० फेरे क्लचमध्ये उष्णता होऊन जातायत. दोन्ही आकडे जुळले तर क्लच निर्दोष आहे, पाण्याखाली बघा. अजून एक साधी युक्ती, हिला तर खडूसुद्धा पुरतो. कपलिंगच्या कडेवरून थेट शाफ्टवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढायची आणि होडी जरा ताणून चालवायची. नंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर दिसले नाहीत तर शाफ्ट कपलिंगमध्येच घसरतोय. तिथली चावी तुटली आहे किंवा स्क्रू ढिले आहेत. असा शाफ्ट रिव्हर्समध्ये मागं सरकून होडीबाहेर निघायला बघतो, म्हणून ही रेघ मी तरी कधी टाळणार नाही.

समजा दोष क्लचचाच निघाला. आता झाकण उघडायचं. त्याआधी इंजिन बंद, तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ ब्लोअरनं बाहेर काढलेली आणि मग बॅटरी सोडवलेली हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या पोटात खाली बसून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. यात हयगय चालत नाही.

ड्रमच्या मागच्या भागात एक कॉलर दिसते. तिच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा पाडलेल्या आहेत आणि एका खाचेत कुलुपाची खीळ बसलेली आहे. लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून ड्रम हातानं फिरवत खीळ वर आणायची, उचलायची, कॉलर घट्ट होण्याच्या दिशेनं वळवायची आणि खीळ पुढच्या खाचेत पडू द्यायची. एक खाच. दोन नाही. झालं काम! या एका खाचेनं चकत्यांवरचा दाब वाढतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच वर्षांची घसरण थांबते. चकत्या झिजणार हे ऑशकॉशच्या माणसांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून झिजेएवढी जागा त्यांनी त्या खाचांमध्ये मोजून ठेवली.

बरोबर झालं की नाही हे लिव्हर सांगतो. लिव्हर पुढं ढकलला की एक निमुळती बाही सरकते, ती आखूड दांड्यांना फाकवते आणि ते दांडे चकत्या दाबतात. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेची कडी लावताना ती मध्यावर सगळ्यात जड लागते आणि मध्य ओलांडला की आपणहून टक् करून बसते, अगदी तसंच इथे होतं. नीट बसवलेला क्लच जोर मागतो, मग खटकन आत जातो आणि तिथेच राहतो. नंतर लिव्हरला हात लावायची गरज उरत नाही. लिव्हर लोण्यातून गेल्यासारखा अलगद गेला तर चकत्या अजून सैल आहेत. उलट एखादी खाच जास्त झाली तर दांडे मध्य ओलांडूच शकत नाहीत, शिखरावर अडकून राहतात. दिसायला क्लच लागलेला दिसतो, पण सगळा भार लिव्हरच्या आतल्या काट्यावर येतो आणि तो फिरत्या बाहीवर घासत बसतो. कमी घट्ट केलेल्या क्लचपेक्षा हा जास्त घट्ट केलेला अधिक नुकसान करतो.

रिव्हर्सला अशी कडी नाही. पट्टा आवळून धरायचा तर लिव्हर हातानं मागं दाबूनच ठेवावा लागतो. नवख्यांना हा दोष वाटतो, पण तो मुळातलाच आराखडा आहे. ड्रम घसरत असेल तर पट्ट्याच्या टोकांना जोडणाऱ्या बोल्टची नट थोडी थोडी आवळायची आणि दर वेळी न्यूट्रल तपासायचा. कारण पट्टा आणि चकत्या यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी उरते तीच न्यूट्रल. दोन्हीकडून आवळत गेलं तर ती संपते, ड्रमला कुठेच मोकळं फिरता येत नाही, पट्टा घासत राहतो आणि जळतो. पुढचं, मागचं आणि मधलं ही तिन्ही जमली तरच काम पुरं झालं.

अनेकदा तर पेटी अगदी निरोगी असते आणि चूक केबलची असते. हातातला लिव्हर पूर्ण गेलेला दिसतो, पण गंजलेल्या केबलमुळे पेटीवरचा छोटा लिव्हर अर्ध्यातच थांबलेला असतो. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी केबल सोडवावी आणि पेटीवरचा लिव्हर थेट हातानं हलवून बघावा. हातानं गिअर नीट लागला तर पेटीला हात लावायचं कारणच नाही. बोर्ग वॉर्नरच्या वेल्व्हेट ड्राइव्हसारख्या पेटीत ही तपासणी सर्वात मोलाची ठरते. तिथे चकत्या तेलाच्या दाबानं दाबल्या जातात, बाहेरून आवळायला खाचा नाहीत. पेटीवरचा लिव्हर आपल्या खळग्यात पूर्ण बसला नाही तर तेल पूर्ण दाबानं पोचत नाही, आणि नव्या चकत्याही घसरून जळतात. कोकणातल्या ट्रॉलरवर ज्या तेलदाबाच्या पेट्या असतात त्यांच्याबाबतही आधी तेलाची पातळी, मग केबल आणि शेवटी पेटी हाच क्रम शहाणपणाचा.

काही जुन्या यानमार इंजिनांवर चकत्यांच्या जागी शंकूचा क्लच असतो. एक शंकू दुसऱ्या शंकूच्या पोकळीत शिरतो आणि बसतो. जपून हळूच लिव्हर टाकणाऱ्या मालकांच्या होडीवर हा शंकू लवकर बिघडतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण हळू टाकलं की तो बसण्याआधी जास्त वेळ घासला जातो, आणि घासून घासून पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. गुळगुळीत शंकू धरत नाही. इंजिन मंद करून लिव्हर ठामपणे टाकावा, हे त्याचं उत्तर. गुळगुळीत झालाच तर इंजिनाच्या व्हॉल्व्हना लावतात ती बारीक घासपेस्ट लावून दोन्ही शंकू हातानं एकमेकांवर घोटायचे, पेस्टचा कण न् कण धुऊन काढायचा आणि परत बसवायचे. आतलं एकही चाक नवं न घेता पकड परत येते.

पेटी कुठल्याही कारणानं उतरवली असेल तर शेवटचं काम उरतं ते दोन कपलिंग पुन्हा समोरासमोर आणण्याचं. ते होडी जमिनीवर असताना करायचं नाही. आधारांवर ठेवलेल्या होडीचं अंग थोडं वाकलेलं असतं, पाण्यात ती आपला आकार घेते. म्हणून होडी तरंगत असताना दोन्ही तबकड्या जवळ आणायच्या आणि मधल्या फटीत फीलर गेज घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजायचं. चार इंची तबकडीला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक निघाला तरी लगेच इंजिनाचे पाय हलवू नयेत. इंजिनाकडची तबकडी स्थिर ठेवून शाफ्टकडची पाव फेरा फिरवायची आणि पुन्हा मोजायचं. मोठी फट होती तिथेच राहिली तर इंजिन तिरपं बसलंय, पाय हलवा. फट तबकडीबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर इंजिन जागेवर आहे, शाफ्ट वाकलाय किंवा त्याची तबकडी तिरकी बसलीय, आणि इंजिन कितीही उचललं तरी ती फट मिटणार नाही.